दुसरे पारडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी परवा घरी येऊन फर्मान काढले, "यंदा न्याय्य व्यापारावर तुम्हीच बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझी यत्ता सातवी. व्यापारावर मी काय बोलणार?" तर म्हणाल्या, "पापडाचा हिशेब ज्यांनी घातला त्यांनीच बोलायचे." तेव्हा त्या हिशेबापुरते मी बोलते. सभेत उभे राहून बोलायची सवय नाही, त्यातून समोर जाऊबाई बसलेल्या. चुकले तर सांभाळून घ्या.

न्याय्य व्यापार हा शब्द चार वर्षांपूर्वी आपल्यापैकी कोणाच्या कानावरूनही गेला नव्हता. आपल्या एका वहिनींची लेक इंग्लंडात असते. ती माहेरपणाला आली तेव्हा तिने इथेच, याच सतरंजीवर बसून सगळे सांगितले. तिकडे लँकेशायर परगण्यात गारस्टँग नावाचे एक लहानसे गाव आहे. परदेशातल्या गरीब शेतकऱ्याला ज्यात पुरेसा मोबदला मिळतो असा चहा, कॉफी, कोको गावात विकला जावा म्हणून तिथल्या चार हौशी माणसांनी दुकानदारांच्या, शाळांच्या, देवळांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि २००० साली आपले गाव जगातले पहिले न्याय्य व्यापाराचे गाव म्हणून जाहीर केले. त्याआधी १९८८ साली हॉलंडात कॉफीच्या पुड्यावर अशा व्यापाराचा शिक्का प्रथम उमटला होता. ती कॉफी मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांची. बाजारभाव कितीही कोसळला तरी शेतकऱ्याला ठरलेल्या भावाच्या खाली द्यायचे नाही, हे त्यातले मुख्य कलम. आता दर मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर हा दिवस पाळतात.

ऐकून आम्ही माना डोलावल्या. पण आपल्या काकू, त्यांना तुम्ही ओळखताच, त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे कॉफी होते ती पाहुणे आल्यावर. मेक्सिकोच्या शेतकऱ्याचे आपल्या हातून काय भले होणार?" सगळ्या हसल्या. मला मात्र काकूंचे म्हणणे पटले. आपल्या ओट्यावर रोज काय येते ते आधी पाहायला हवे.

आणि पुण्याला हे अगदीच परके नाही. आपल्या पुण्याचे सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, १८७७ साली दिल्लीच्या दरबाराला गेले ते हातच्या सुताची खादी नेसून. एवढ्या राजेरजवाड्यांच्या झगमगाटात! आपल्या विणकराच्या पोटावर पाय येतो म्हणून त्यांनी देशी मालाचा पुरस्कार केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनीही पुण्यात बायकांची सभा काढली होती. म्हणजे बायकांनी एकत्र जमून विचार करायचा हा आपला आजचा प्रकारही जुनाच.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपण दर महिन्याला जे सामान एकत्र आणतो, ते आपण ग्राहक पंचायतीचे पाहून सुरू केले. १९७२चा दुष्काळ पडला, पाठोपाठ महागाई आली, साखर-तेलासाठी रांगा लागल्या. आमच्या सासूबाई त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. अशा वेळी १९७४ साली इथे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत काढली. पुढच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आपले बाबूजी, सुधीर फडके, ते सुद्धा त्या कामात होते बरे का. त्यांची पद्धत अशी की, शेजारपाजारच्या दहा-बारा घरांनी संघ करायचा, यादी आणि पैसे आधी द्यायचे, माल एका घरी उतरायचा आणि संघातल्या बायकांनीच तो मोजून वाटायचा. दुकानाचे भाडे नाही की नोकराचा पगार नाही. घरच्या बाईला भाव कळतो, वजन कळते आणि डाळीत खडे किती तेही कळते.

आपण अकरा घरांनी सुरुवात केली. पहिल्या महिन्याची फजिती आठवते ना? तुरीच्या डाळीची पन्नास किलोची गोणी आणली. गच्चीवर चादर अंथरून, एकेक किलोचे माप घालून वाटप केले, आणि शेवटच्या घराला डाळ कमी पडली. जवळजवळ दीड किलो! लगेच आरडाओरडा, व्यापाऱ्याने फसवले म्हणून. दोघीजणी भांडायला निघाल्याही होत्या. तेवढ्यात खजिनदार वहिनींनी रिकामा तराजू उचलून पाहिला. तराजू घरातला, सासऱ्यांच्या वेळचा. वजनाच्या पारड्याखाली गुळाचा खडा चिकटून वाळला होता. तीस ग्रॅमचा असेल. मापामागे तीस ग्रॅम डाळ जास्त गेली, पन्नास मापांना दीड किलो. आधीच्या सगळ्या घरांनी थोडी थोडी जास्त नेली होती आणि चोर ठरत होता व्यापारी. प्रत्येकीने मूठमूठ परत आणून दिली म्हणून निभावले. तेव्हापासून आपण शिक्क्याचा काटा घेतला, आणि वाटपाआधी तो रिकामा तपासतो.

गोणी आणायला गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचे काम माझ्याकडे आले. ह्यांनी पहिल्यांदा नाराजी दाखवली, मग स्कूटरवरून सोडायला आले. तिथे पाठीवर पोती घेऊन पळणारी माणसे पाहिली. आपल्या ओट्यावरची डाळ कोणाच्या तरी मणक्यावरून येते हे तोवर माझ्या मनातही आले नव्हते. भुसार बाजार नाना-भवानी पेठेत होता तेव्हापासून डॉ. बाबा आढाव यांनी या हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. पोते शंभर किलोचे नको, पन्नासचे करा, यासाठीही ती मंडळी झगडली. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला तो अशाच सगळ्या चळवळींमुळे. याच हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' काढली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी-भाजी. हमालही जेवतो, विद्यार्थीही जेवतो आणि रांधणाऱ्या बायकांना पगार मिळतो. एकदा उशीर झाला म्हणून मीही तिथे जेवले. भाकरी आपल्या हातच्यासारखी पातळ नाही, पण पोटाला आधार देणारी.

सांगायचे ते असे की, साल एकच, १९७४, आणि गावही एकच. एक पंचायत घेणाऱ्याच्या बाजूने उभी राहिली, दुसरी राबणाऱ्याच्या बाजूने. आपण मंडळाने पहिलीचे काम उचलले. दुसरीचे मात्र राहून गेले होते. कसे राहिले, ते आता सांगते. यात माझीच चूक आहे, म्हणून मीच सांगितलेले बरे.

लग्नानंतर सात-आठ वर्षे मी घरी पापड लाटत होते. एका व्यापाऱ्याचा माणूस तिंबलेले पीठ मोजून देऊन जाई आणि वाळलेले पापड मोजून घेऊन जाई. किलोमागे लाटणावळ ठरलेली. पण घेताना त्याचा काटा निराळा असे, आणि तुटलेले पापड म्हणून काही ना काही कापून घेई. तुटके पापड मात्र परत देत नसे! मला सगळे दिसत होते. पण मुलाची शाळेची फी त्यातून जायची, म्हणून तोंड उघडले नाही. उन्हाळ्यात पंखा लावायची सोय नाही, पापड उडतात. संध्याकाळी उठताना मनगट धरून उठायचे. ते मनगट अजून पावसाळ्यात बोलते.

त्या काळात लिज्जतच्या बायकांची गोष्ट मला ठाऊक असती तर निदान राग तरी नीट आला असता. १९५९ साली १५ मार्चला मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. आज हजारो भगिनी त्यात आहेत आणि प्रत्येक जण मालकीण. लाटण्याच्या मजुरीला त्यांच्याकडे वणई म्हणतात. नफा झाला तर वाटून घ्यायचा, तोटा झाला तर तोही. पापड तोच आणि लाटणेही तेच, पण काटा कोणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून.

तर अशी मी, पापड लाटून लाटून हात दुखावलेली. तीन वर्षांपूर्वी आपण न्याय्य व्यापार दिवस पहिल्यांदा करायचा ठरवला तेव्हा खरेदीचे काम माझ्याकडे दिलेत. मे महिना, म्हणजे साठवणीच्या पापडांचा हंगाम. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई उडदाचे पापड फार सुरेख करीत. कागदासारखे. त्यांनी भाव सांगितला तीनशे पन्नास रुपये किलो. बाजारात पापड तीनशेला मिळत होता. मी म्हटले, "चाळीस किलो घेते, एकगठ्ठा. दोनशे नव्वद लावा." त्या नाही म्हणाल्या. मी म्हटले, "पाहा बाई, नाहीतर दुसरीकडे पाहते." हे वाक्य व्यापाऱ्याचा माणूस मला म्हणत असे. माझ्या तोंडून ते इतके सहज गेले की माझे मलाच कळले नाही. बाईंनी कबूल केले. मी घरी येऊन ह्यांना कौतुकाने सांगितले की मंडळाचे चोवीसशे रुपये वाचवले. आपल्या बैठकीतही सांगितले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

दुसऱ्या शनिवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात आपण टेबले मांडली. मुलींनी दारात रांगोळी काढली, वर मोठी पाटी लावली: न्याय्य व्यापार दिवस, सर्वांचे स्वागत असो. तेवढ्यात त्या बाई रिक्षातून पापडाची पोती घेऊन आल्या. पाटी वाचली. वाचून मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही कधी पापड लाटलेत का?" मी म्हटले, "हो, पुष्कळ वर्षे." त्या म्हणाल्या, "मग मी काही बोलत नाही." पैसे मोजून घेतले आणि गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

त्या दिवशी विक्री झकास झाली. स्वस्त म्हणून पापड दुपारपर्यंत उडाले. मला जेवण गेले नाही.

रात्री खजिनदार वहिनींना घेऊन बसले आणि एका किलोचा हिशेब घातला. उडदाचे पीठ एकशे साठ. पापडखार, मिरी, हिंग, लाटायला तेल, सगळे मिळून पंचावन्न. पिशवी आणि चिठ्ठी दहा. झाले दोनशे पंचवीस. तिंबणे, कुटणे, लाट्या करणे, लाटणे, उन्हात घालणे, उलटणे, निवडून भरणे, याला सरावाच्या हाताला किलोमागे अडीच तास लागतातच. मी दिलेल्या दोनशे नव्वदांतून त्यांच्या हाती उरले पासष्ट रुपये. तासाला सव्वीस! आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना आपण तासाच्या हिशेबाने याहून पुष्कळ जास्त देतो, आणि ते द्यायलाच हवे. वहिनी म्हणाल्या, "बाजारभावच तीनशे आहे, त्याला आपण काय करणार?" मी म्हटले, "बाजारभाव तीनशे आहे कारण मी सात-आठ वर्षे गप्प बसले. माझ्यासारख्या आणखी किती गप्प बसल्या असतील."

पुढच्या वर्षी आपण तीनशे साठ भाव ठरवला आणि टेबलामागे फळा उभा केला. त्यावर खडूने लिहिले: सामान दोनशे पंचवीस, करणारीच्या हाताला एकशे पस्तीस, मंडळाला काही नाही. तासाला चोपन्न रुपये पडतात. फार नाहीत, पण सव्वीसही नाहीत. लोक थांबून वाचत. एक आजोबा म्हणाले, "जन्मात पहिल्यांदा दुकानात खरा हिशेब पाहिला." पण चाळीस किलोऐवजी सव्वीस किलोच गेले, हेही सांगते. उरलेले आपल्या स्वयंसेविकांनी महिनाभर दारोदार हिंडून संपवले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून वर "नको" ऐकायचे, याला कौतुकाचे हार नाहीत. तरी त्या दोन शाळकरी पोरींनी एकट्यांनी पाच किलो विकले, हे इथे सांगितलेच पाहिजे.

आपल्या गल्लीतले किराणावाले काका तेव्हा रुसून आले होते. म्हणाले, "तुम्ही आमच्यावर बहिष्कार घालता की काय?" त्यांनाही बसवून चहा दिला आणि त्यांचाही हिशेब ऐकून घेतला. भाडे, वीज, उधारी. उधारीचा आकडा ऐकून आमच्यातल्या दोघींनी माना खाली घातल्या. शेवटी त्यांनी आपले पापड ठेवायचे कबूल केले, शेकडा दहा घेऊन. तिथे भाव तीनशे नव्वद आहे. त्यातून त्यांचे एकोणचाळीस गेले तरी करणारीला एकशे सव्वीस राहतात. काकांचे पैसे दोन महिने उशिरा येतात, ती गोष्ट वेगळी. त्याचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे.

आता तक्रारीकडे येते, कारण ती खरी आहे. मागच्या बैठकीत एक भगिनी म्हणाल्या, "तुमचा न्याय ज्यांना परवडतो त्यांना. माझ्या घरी सहा माणसे आणि मिळवता एक. मी तीनशे साठचा पापड घ्यायचा की मुलाची वही?" त्या वेळी कोणालाच उत्तर देता आले नाही. मी घरी जाऊन विचार केला. माझ्या मते त्यांनी वही घ्यावी. ज्या भगिनीला परवडत नाही तिने अर्धा किलो घ्यावा, नाहीतर घेऊ नये, आणि तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. पण ज्या आपण माणसे जेवायला बोलावतो तेव्हा किलोभर पापड तळतो, साडीच्या दुकानात पाचशे रुपये सहज सोडून येतो, आणि पापडवालीपाशी, भाजीवालीपाशी दहा रुपयांसाठी उभ्या राहतो, त्यांच्याशी मी बोलते आहे. मी स्वतः त्यातलीच. मंडईत मेथीच्या जुडीला घासाघीस केली नाही तर खरेदी झाल्यासारखे वाटत नसे मला.

एक गंमत सांगते. डाळ-साखर एकत्र आणून आपल्या प्रत्येक घराचे महिन्याला जे पैसे वाचतात, त्यातला थोडा भाग पापड-कुरडया-मसाल्याला जास्तीचा भाव द्यायला पुरतो, हे खजिनदार वहिनींनी आकडे मांडून दाखवले आहे. म्हणजे डाळीच्या गोणीवर वाचवायचे आणि बाईच्या हातावर सोडायचे. वही माझ्याजवळ आहे, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी.

आता शेवटचे, आणि त्यासाठीच मी आज उभी राहिले. त्या पहिल्या वर्षीच्या बाईंकडे मी मागच्या महिन्यात गेले होते. त्यांनी पापड करणे सोडले आहे. एका खानावळीत पोळ्या लाटायला जातात. म्हणाल्या, तिथे निदान महिन्याचा पगार ठरलेला आहे. मी पदरचे चोवीसशे रुपये नेले होते. चाळीस किलो, किलोमागे साठ. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "ताई, सौदा मंडळाचा होता. मंडळाने दिले तर घेईन. तुमचे नकोत." बोलताना आवाज चढवला नाही. मला पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि या खेपेस चहाही केला.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. मंडळाच्या शिलकीतून चोवीसशे रुपये त्यांना देण्यात यावेत, आणि ते उसने किंवा देणगी म्हणून न लिहिता राहिलेले देणे म्हणून जमाखर्चात लिहावे. आज वर्धापनदिन आहे, आज ठराव करता येत नाही असे चिटणीसबाई म्हणतात. नियम असेल तर असो. पुढच्या रविवारी चार वाजता सर्वसाधारण सभा आहे, तिथे मी ही सूचना मांडणार आहे. अनुमोदनाला खजिनदार वहिनी आहेत. कोणाला विरोध करायचा असेल तर त्यांनी जरूर यावे आणि बोलावे. मात्र यायचे.

आणि हो, या महिन्याची यादी शुक्रवारपर्यंत द्यावी. पिशव्या आपापल्या आणाव्यात, मागच्या वेळी सहा पिशव्या कमी पडल्या.